जयकर बोलले तेव्हा, आंबेडकर बोलले तेव्हा

१६ डिसेंबर १९४६. दिल्लीत संविधान सभेचे कामकाज सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मुंबईचे नामवंत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठले आणि त्यांनी एक दुरुस्ती मांडली. पंडित नेहरूंनी तीन दिवसांपूर्वी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव इतक्यात मंजूर करू नये, मुस्लिम लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत थांबावे, अशी ती दुरुस्ती होती. सभागृहाला ती अजिबात रुचली नाही. जयकरांना बोलता बोलता अडवले गेले, हरकती घेतल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईचेच दुसरे बॅरिस्टर बोलायला उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही शेवटी हेच म्हणाले की घाई करू नका, जे आलेले नाहीत त्यांना बरोबर घेण्यासाठी थांबा. या वेळी मात्र सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कामकाजाच्या छापील अहवालात त्या टाळ्यांची नोंद जागोजागी आहे. काकासाहेब गाडगीळ त्या सभेत होते. ते भाषण सर्वांनी तल्लीन होऊन ऐकले आणि नंतर बाहेर आंबेडकरांवर अभिनंदनाचा वर्षाव झाला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

मागणी एक, सभागृह एक आणि मधे अवघा एक दिवस. मग प्रतिसाद इतका वेगळा का? राजकीय भाषण कसे घडते आणि कसे ऐकले जाते हे समजून घ्यायचे असेल, तर याहून चांगला धडा आपल्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

आधी श्रोते पाहू. ब्रिटिश प्रांतांच्या वाट्याच्या २९६ जागांपैकी २०८ काँग्रेसकडे होत्या. लीगने ७३ जागा जिंकल्या होत्या, पण बहिष्कार घातल्यामुळे ते सगळे बाक रिकामे होते. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी १९४२ नंतरची वर्षे तुरुंगात काढली होती. नेहरू आणि पटेल यांच्या कैदेचा मोठा काळ अहमदनगरच्या किल्ल्यात गेला होता. इतक्या वर्षांनी स्वातंत्र्याचा संकल्प आपल्या तोंडाने उच्चारण्याचा क्षण आला होता. त्यातच सभा भरण्याच्या तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, ब्रिटिश सरकारने एक निवेदन काढले. देशाच्या एका मोठ्या समाजघटकाला वगळून घटना तयार झाली, तर ती नाखूष प्रदेशांवर लादली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. ते वाचून आलेल्या माणसांना थांबण्याचा सल्ला परक्या सरकारच्या धाकासारखा वाटणे स्वाभाविक होते.

जयकरांनी आपली बाजू नेमकी त्याच धाग्याने विणली. ते निष्णात कायदेपंडित होते, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश राहिलेले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसलेले. त्यांनी कॅबिनेट मिशनच्या, म्हणजे त्रिमंत्री योजनेच्या, १६ मे १९४६ च्या मसुद्यावर बोट ठेवले. या पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडावा, कामाचा क्रम ठरवावा, सल्लागार समिती नेमावी, एवढेच अपेक्षित आहे. घटनेची मूलतत्त्वे आत्ताच ठरवण्याचा या सभेला अधिकार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याच्या नजरेतून त्यात तथ्य होते. पण नुकताच तुरुंगातून सुटलेला माणूस ‘तुला अधिकार नाही’ हे वाक्य अर्ध्यावरच ऐकतो. पुढचे कारण त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

आंबेडकरांनी हाच मुद्दा उचलला, पण त्याची जागा बदलली. हा ठराव मंजूर करण्याचा अधिकार तुम्हाला असेलही, त्याबद्दल मी विचारत नाही, असे ते म्हणाले. आत्ता, या घडीला, तो मंजूर करणे शहाणपणाचे आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. सत्ता देणे सोपे, शहाणपण देणे अवघड, या अर्थाचा एडमंड बर्कचा दाखलाही त्यांनी दिला. जयकरांच्या मांडणीत सभागृह आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. आंबेडकरांनी त्याला न्यायासनावर बसवले आणि मग निवाडा मागितला.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपण आज एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांत विभागलेलो आहोत हे त्यांनी लपवले नाही आणि अशा एका छावणीचा पुढारी बहुधा मीच आहे, अशी कबुली सर्वांसमोर दिली. तरीही हा देश एक झाल्याशिवाय राहणार नाही, जाती आणि पंथ असले तरी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात एकसंध लोक होऊ, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. एक दिवस लीगच्या पाठीराख्यांनाही अखंड भारत आपल्या हिताचा वाटेल, असेही ते म्हणाले. अडचण शेवटच्या मुक्कामाची नसून सुरुवातीच्या पावलांची आहे, म्हणून ज्यांची भीती वाटते त्यांच्या पूर्वग्रहांनाही थोडी जागा द्या, घोषणा बाजूला ठेवा, असे त्यांचे आवाहन होते. जबरदस्तीने प्रश्न सोडवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याचे परिणाम काय होतील याचा इशाराही त्यांनी दिला.

हे शब्द कोणाच्या तोंडून आले, हे यात फार महत्त्वाचे होते. याच आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीचा गंभीरपणे विचार करणारा ग्रंथ लिहिला होता. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा कठोर हिशेब मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या निवडणुकीत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाडाव झाला होता आणि संविधान सभेत ते आले तेही मुंबईतून नव्हे, तर जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बंगालमधून. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी नाव पुकारले, तेव्हा आंबेडकरांनाच आश्चर्य वाटले. आपल्यापुढे वीस-बावीस जण आहेत, आपली पाळी उद्या येईल अशी समजूत असल्यामुळे काही तयारी केलेली नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. समोरचे बाक तोफ डागली जाण्याची वाट पाहत होते. त्याऐवजी त्यांना देशाच्या एकतेवरचा अढळ विश्वास ऐकू आला. जयकरांकडून साथीची अपेक्षा होती, त्यांच्याकडून अडथळा आला. आंबेडकरांकडून अडथळ्याची अपेक्षा होती, त्यांच्याकडून साथ आली. श्रोत्यांनी दोघांनाही आपापल्या अपेक्षेच्या फरकाने मोजले.

या दोघांत वैर नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांची देशभक्ती कोणाहून कमी नव्हती. कमी पडली ती श्रोत्यांच्या मनाची पारख.

उद्दिष्टांचा ठराव अखेर पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या दिवसानंतर आंबेडकरांकडे पाहण्याची काँग्रेसची नजर बदलली, हे पुढच्या घटनांवरून दिसते. फाळणीमुळे बंगालमधली त्यांची जागा गेली, तेव्हा ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना तातडीने निवडून पाठवण्याची विनंती केली. त्यांच्यासाठी मुंबईत रिकामी असलेली जागा होती जयकरांची. त्यांनी सभेचा राजीनामा दिला होता. ऑगस्टच्या अखेरीस आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

टाळ्यांनी एक गोष्ट मात्र झाकून टाकली. त्याच भाषणात आंबेडकरांनी ठरावावर सडकून टीका केली होती. हक्क जाहीर केले आहेत, पण ते डावलले गेले तर उपाय काय, हे सांगितलेले नाही. सामाजिक आणि आर्थिक न्यायाची भाषा आहे, पण उद्योगांच्या आणि जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाशिवाय तो न्याय कसा येणार, असे त्यांनी विचारले होते. एकतेचे वाक्य ऐकण्यासाठी आसुसलेल्या सभागृहाने एकता ऐकली. आजही त्या भाषणातला तोच भाग सांगितला जातो आणि समाजवादी आंबेडकर पानांच्या घडीत राहतात.

असेच, किंबहुना याहून मोठ्या प्रमाणावर, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचे झाले. घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी आंबेडकरांनी केलेले हे समारोपाचे भाषण महाराष्ट्रात दर २६ नोव्हेंबरला, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला कुठे ना कुठे उद्धृत होते. पण कोण काय उचलतो ते पाहावे. आता घटनात्मक मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत, तो अराजकाचा रस्ता आहे, हा भाग सत्तेत असलेल्यांना प्रिय असतो. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा भाग विरोधकांच्या ओठांवर असतो. तेच विरोधक सत्तेत आले की तो मागे पडतो. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, हा भाग चळवळींच्या भित्तिपत्रकांवर येतो. फितुरीमुळे देशाने पूर्वी स्वातंत्र्य गमावले, शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूने होते, ही आठवण राष्ट्रभक्तीच्या सभांमध्ये निघते.

यातला प्रत्येक भाग खरा आहे. प्रत्येक भाग त्याच भाषणात आहे. पण ते एका सलग विचाराचे दुवे आहेत आणि सुटे केले की त्यांचा अर्थ पालटतो. सत्याग्रह सोडा असे सांगणारा माणूस २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंच्या पुढे चालत गेला होता आणि मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच्याच नेतृत्वाखाली सुरू झाला होता. आपला भूतकाळ तो नाकारत नव्हता. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठायला घटनात्मक वाट शिल्लकच नव्हती, तेव्हा त्या मार्गांचे समर्थन होऊ शकत होते, असे त्याच परिच्छेदात आहे. आणि विषमतेची विसंगती लवकर मिटवली नाही, तर जे तिच्या झळा सोसत आहेत ते या लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, हा इशारा थोडे पुढे आहे. म्हणजे त्या ताकिदीला दोन टोके होती: एक आंदोलकांकडे रोखलेले, दुसरे राज्यकर्त्यांकडे. आपल्याकडे रोखलेले टोक न पाहता दुसऱ्याकडचे दाखवणे, ही त्या भाषणाशी होणारी सर्वांत मोठी अप्रामाणिकता आहे.

त्यानंतर चार वर्षांनी, २ सप्टेंबर १९५३ रोजी, राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. भाषावार राज्यात एखाद्या संख्येने आणि जमिनीने बलाढ्य जातीच्या हाती सगळी सत्ता जाईल, लहान समाजांचे काय होणार, ही आंबेडकरांची चिंता होती. राज्यपालांकडे अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे अधिकार असावेत, असे ते सुचवत होते. तुम्हीच तर घटना केलीत, असा टोला आला तेव्हा ते संतापले. मला जे सांगितले ते मी लिहिले, बरेचसे मनाविरुद्ध लिहिले, आणि ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन, असे ते बोलून गेले.

दोन वर्षांपूर्वी हिंदू कोड बिल रखडले म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले होते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. ज्या माणसाने १९४९ मध्ये घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल असे बजावले होते, तो आता राबवणाऱ्यांचा अनुभव घेऊन बोलत होता. १९ मार्च १९५५ रोजी एका सदस्याने त्यांना जुन्या वाक्याची आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी स्पष्टीकरण दिले. देवासाठी देऊळ बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच असुरांनी ते बळकावले, तर देऊळ पाडण्याखेरीज काय करायचे, अशी त्यांची मांडणी होती. आज जाळण्याचे ते एक वाक्य भ्रमणध्वनीवर फिरते. घटनेचा तिरस्कार करणारे ते पुरावा म्हणून पुढे करतात आणि घटनेवर श्रद्धा असणारे ते ऐकून गोंधळतात. दुर्बल समाजांना संरक्षण हवे, ही त्या दिवशीची मागणी मात्र दोघांच्याही हातून निसटते.

आतापर्यंत ऐकणाऱ्यांच्या जागेबद्दल झाले. बोलणाऱ्याची जागा किती निर्णायक असते हे सर्वांत ठळकपणे दिसते ते ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात. घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवताना आंबेडकरांनी खेड्यांबद्दल अतिशय कठोर शब्द वापरले. राजवटी आल्या आणि गेल्या, पण गावगाडा टिकला, असे कौतुक ब्रिटिश अधिकारी चार्ल्स मेटकाफने केले होते. त्याचा उल्लेख करून आंबेडकर म्हणाले की टिकणे याला मोल नाही, कोणत्या पातळीवर टिकला हे पाहा. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर, आणि मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्ती हा पाया धरला याचा मला आनंद आहे, असा त्यांचा निर्वाळा होता.

गांधीजींच्या हत्येला तेव्हा नऊ महिने झाले होते. ग्रामस्वराज्याचे स्वप्न उराशी धरून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना मसुद्यात ग्रामपंचायतीचे नावही दिसत नव्हते. त्यात हे शब्द. हरी विष्णू कामत दुसऱ्याच दिवशी उठले आणि ही शहरी विद्वानाची तुच्छतेची वृत्ती आहे, असे त्यांनी सुनावले. टी. प्रकाशम्, अरुणचंद्र गुहा, एन. जी. रंगा यांनीही वेगवेगळ्या शब्दांत दुःख आणि राग व्यक्त केला. त्यांच्या खेड्यात परकीय सत्तेपुढे न वाकलेली माणसे होती, चरखा होता, मिठाच्या सत्याग्रहात साथ देणारे शेतकरी होते. ते खोटे बोलत नव्हते.

पण ज्याला त्यांनी शहरी म्हटले, त्याचे खेडे कोणते होते? १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. ती महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे, या अटीवर प्रवास झाला. जवळ शिदोरी होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. त्या मुलांत भीमराव होते आणि हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले, कारण गावगाड्यात महाराला दिवसरात्र राबवून घेण्याचा आधार त्या वतनात होता. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकालाही त्यांनी विरोध केला होता. १९४८ चे भाषण ऐकून अनेकांना धक्का बसला, पण त्यातला विचार आंबेडकर दोन दशके मांडत आले होते. गावकुसाच्या आतून पाहणाऱ्याला गाव कुटुंबासारखे दिसते. गावकुसाबाहेर ज्याचे घर आहे त्याला आधी कूस दिसते.

संविधान सभेत हे ओळखणारेही होते. बेगम ऐजाज रसूल यांनी आंबेडकरांना पाठिंबा दिला. आधुनिक विचाराचा कल समूहापेक्षा नागरिकाच्या हक्काकडे आहे आणि पंचायत जुलमी होऊ शकते, असे त्या म्हणाल्या. मुस्लिम समाजातून आलेली एक स्त्री हे बोलत होती, हा योगायोग मानता येत नाही. पंचायतीच्या पारावर जिला कधी जागा मिळाली नाही, तिला आंबेडकरांचा मुद्दा लगेच पटला.

या वादाचा शेवट मात्र कोणाच्याही विजयात झाला नाही. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम् यांनी दुरुस्ती मांडली की राज्याने ग्रामपंचायती स्थापन करण्यासाठी पावले उचलावीत आणि त्यांना स्वराज्याची घटक संस्था म्हणून काम करता येईल इतके अधिकार द्यावेत. आंबेडकरांनी वाद न वाढवता ती स्वीकारली. तेच आजचे अनुच्छेद ४०. अठरा दिवसांपूर्वी ज्याने खेड्यावर इतकी जळजळीत टीका केली, त्याने समोरच्यांचा आग्रह मान्य केला. आपले मत न बदलताही ऐकून घेता येते, याचे हे उदाहरण आजच्या विधिमंडळांनी आणि संसदेने अभ्यासावे असे आहे.

आंबेडकरांची भीती तेव्हा त्या अनुच्छेदात उतरली नाही. पंचायत कोणाची, तिथे कोण बसणार, याबद्दल अनुच्छेद ४० गप्प आहे. ती उणीव भरून निघायला चार दशकांहून अधिक काळ लागला. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला आणि अनुच्छेद २४३-घ द्वारे अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. आज तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा कामत आणि प्रकाशम् यांना हवी असलेली पंचायत आणि तिच्यात आंबेडकरांना हवे असलेले संरक्षण, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने चालू असतात. सोडतीत राखीव जागेचे नाव निघाल्यावर गावात जी कुजबुज, जी नाराजी किंवा जो जल्लोष उमटतो, त्यात १९४८ च्या नोव्हेंबरातले दोन्ही आवाज अजून ओळखू येतात, आणि काही गावांत निवडून आलेल्या दलित महिला सरपंचाला स्वतःच्याच कार्यालयातल्या खुर्चीसाठी झगडावे लागते.